नांगराची निशाणी

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका घराचा लिलाव निघाला होता. घर बाबासाहेब देशमुखांचे. घराणे गावातले मानाचे, पण काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराचे दीडशे रुपये अंगावर होते आणि ते फिटले नव्हते. काळूरामने कोर्टातून हुकूमनामा आणला. कायद्याच्या दृष्टीने त्याची बाजू पक्की होती. अडचण एवढीच झाली की बोली लावायला गावातला एकही माणूस पुढे आला नाही. अखेर काळूरामने ते घर पाडून टाकले.

मग गाव उलटले. काळूरामकडे आणि त्याच्या जातभाईंकडे कोणी कामाला जाईना. आसपासच्या गावांनी तर लेखी ठराव केले: सावकाराचे शेत जो कसेल त्याला न्हावी, धोबी, सुतार, लोहार, चांभार मिळणार नाही. पाच महिन्यांनी सुप्याच्या बाजारात जे घडले त्याला इतिहासाच्या पुस्तकांत ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. मला त्या दंग्याइतकाच हा बोली न लागलेला लिलाव महत्त्वाचा वाटतो. हुकूमनामा खरा, कर्ज खरे, विक्री कायदेशीर, आणि तरी घराला गिऱ्हाईक नाही. सरकारने मालमत्ता विकण्याचा हक्क दिला होता, पण गावाच्या लेखी ते घर अजून विकण्याची वस्तू झालेले नव्हते.

एखादा देश श्रीमंत का होतो आणि दुसरा गरीब का राहतो, या प्रश्नावर गेली तीस-चाळीस वर्षे अर्थशास्त्रज्ञ हवामान आणि खनिजे यांपेक्षा संस्थांकडे अधिक बोट दाखवतात. संस्था म्हणजे व्यवहाराचे नियम आणि ते पाळून घेणारी यंत्रणा. डग्लस नॉर्थ यांना १९९३ साली आणि असेमोग्लू, जॉन्सन, रॉबिन्सन या तिघांना २०२४ साली नोबेल मिळाले ते याच विचारासाठी. या विचाराचा घाईघाईने काढलेला अर्क असा सांगितला जातो: जमिनीची मालकी सुरक्षित हवी, केलेले करार कोर्टाने पाळून घ्यायला हवेत, आणि सरकार किती कर घेणार हे आधी ठाऊक हवे. गंमत अशी की १८१८ नंतरच्या पन्नास वर्षांत पुणे-नगरच्या कुणब्याला या तिन्ही गोष्टी निदान कागदावर मिळाल्या होत्या. युरोपातल्या कित्येक शेतकऱ्यांना त्या वेळी इतका स्पष्ट हक्क नव्हता. आणि तोच कुणबी १८७५ च्या उन्हाळ्यात तो कागद जाळायला निघाला.

आधी काय होते, ते पाहायला हवे, आणि ते गोड करून सांगण्याचे कारण नाही. पेशवाईच्या शेवटच्या पंधरा वर्षांत दुसऱ्या बाजीरावाने महसूल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली करील त्याला मामलत. मक्तेदाराचा भरवसा पुढच्या वर्षाचाही नसे, म्हणून तो यंदाच सगळे ओरबाडून घेई. पण त्याखाली जुनी घडी कशीबशी टिकून होती. सारा ठरायचा तो गावावर; पाटील मामलेदाराशी घासाघीस करायचा आणि गावात वाटणी लावायचा. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची तेवढ्यापुरती. सावकार तेव्हाही होता. सारा भरायला गाव त्याच्याकडून पैसे उचलायचे. मात्र वसुलीसाठी त्याला गावाचीच मर्जी सांभाळावी लागे. तो दारात तकाजा लावून बसू शकत असे, धरणे धरू शकत असे, पंचायतीपुढे जाऊ शकत असे. यापलीकडे त्याचा हात पोचत नव्हता. म्हणून तो देताना तोलूनमापून देई, आणि दुष्काळ पडला तर थांबे. थांबण्यावाचून त्याला गत्यंतरच नव्हते.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला हे उमगले होते. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाबद्दल त्याने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचे दोष त्याने मोकळेपणाने सांगितले, पण ती मोडू नये असेही सुचवले. पंचायत राहावी हा त्याचा आग्रह होता. पुढच्या पिढीतल्या साहेबांना इतका धीर नव्हता.

त्यांतला पहिला रॉबर्ट कीथ प्रिंगल. हा तरुण इंग्लंडातल्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकला, आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि सरकारने त्यातला ठराविक वाटा घ्यावा, हा रिकार्डोच्या काळातला सिद्धान्त डोक्यात घेऊन प्रिंगल पुण्यात उतरला. लंडनमध्ये जो सिद्धान्त पुस्तकात होता, तो त्याने भीमेच्या काठी मोजणीच्या साखळीने उतरवायचे ठरवले. प्रत्येक शेताचे उत्पन्न किती, खर्च किती, उरले त्यातले पंचावन्न टक्के सरकारचे! कल्पना आखीव होती. पण शेताचे उत्पन्न सांगणारे कारकून तिथलेच, त्यांचे हितसंबंध तिथलेच, आणि साहेबाला शेतावर कोण काय पिकवतो हे कळायचा मार्ग नाही. आकडे फुगले, लाच चालली, सारा अव्वाच्या सव्वा बसला. १८३० नंतर इंदापूर तालुक्यात शेते पडीक पडू लागली आणि कुणबी निजामाच्या हद्दीत निघून गेले.

मग १८३६ साली त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विन्गेट हे दोघे इंग्रज अधिकारी आले, आणि त्यांनी सिद्धान्ताचा नाद सोडला. निव्वळ उत्पन्न काढण्याच्या फंदात न पडता त्यांनी जमिनीची खोली आणि रंग पाहिला, मातीचे वर्ग पाडले, जवळपासचा बाजार पाहिला आणि दर बऱ्याच खाली आणले. मुख्य म्हणजे हा दर तीस वर्षे बदलणार नाही असे जाहीर केले. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आला. सारा गावावर न बसता ज्याच्या नावावर नंबर त्याच्यावर बसला. नको असेल तर नंबर सोडून द्यायची मुभा, हवा असेल तर ठेवायची, मुलाला द्यायची, गहाण टाकायची, विकायची. १८६५ च्या मुंबई सर्व्हे कायद्याने हे सगळे पक्के झाले. पडीक जमिनी भराभर लागवडीखाली आल्या. इंग्रज अमलातली ही खरोखरच शहाणपणाची कामगिरी होती, आणि तिची टिंगल करणे आजच्या माणसाला शोभत नाही. सातबाऱ्यावरचे आपले आजचे सर्व्हे नंबर त्याच मोजणीचे वंशज आहेत.

एवढेच नव्हे. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजांनी जिथे जमीनदारांच्या हाती महसूल दिला ते जिल्हे आणि जिथे थेट रयतेशी व्यवहार केला ते जिल्हे, यांची स्वातंत्र्यानंतरची स्थिती त्यांनी ताडून पाहिली. जमीनदारी गेली, कायदे सारखे झाले, तरी जुन्या जमीनदारी जिल्ह्यांत शेतीतली गुंतवणूक आणि उत्पादन मागेच राहिले; शाळा आणि आरोग्यसेवाही मागे. म्हणजे दीडशे वर्षांच्या हिशेबात विन्गेटची पद्धत जिंकली असे म्हणावे लागते. पण दीडशे वर्षांचा हिशेब शिरूरच्या कुणब्याला मांडायला सवड नव्हती. त्याला दर तीन वर्षांनी कर्जाचे खत नवे करावे लागत होते.

हे तीन वर्षांचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. कर्जाच्या दाव्याला मुदत असावी, जुनी बुरसटलेली खते काढून सावकाराने रयतेला लुबाडू नये, या चांगल्या हेतूने १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. नोंदणी नसलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. परिणाम नेमका उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावून सांगू लागला: नवे खत कर, नाहीतर दावा लावतो. जुने मुद्दल आणि त्यावर चढलेले व्याज यांची बेरीज नव्या खतात मुद्दल होऊन बसे. पुढच्या तीन वर्षांनी पुन्हा तेच. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना नियम होता, की व्याज कधीही मुद्दलापेक्षा जास्त घेता येणार नाही. मुदतीच्या कायद्याने तो नियम न मोडता निरुपयोगी केला, कारण दर खेपेला मुद्दलच नवे! पुढे दंग्यानंतर नेमलेल्या चौकशी कमिशनपुढे असे एक प्रकरण आले की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लागले होते.

व्याजाच्या दरावर पूर्वी मर्यादा होती, तीही १८५५ च्या कायद्याने उठली होती. करार हा दोन शहाण्या माणसांत राजीखुशीने होतो, सरकारने मध्ये पडू नये, हा त्या काळचा लंडनचा विचार. आता त्यातला एक शहाणा माणूस वाचायला न येणारा. खताच्या तळाशी सहीच्या जागी कुणबी नांगराची आकृती काढायचा. शेजारी लिहायचे, ‘निशाणी नांगर’. वर काय लिहिले आहे, हे त्याला लिहिणाऱ्याने सांगितले तेवढेच ठाऊक. भरलेल्या पैशाची पावती बहुधा मिळत नसे. सावकाराच्या वहीत काय चढते ते सावकार जाणे. दिवाणी कोर्ट तालुक्याच्या किंवा त्याहून लांबच्या गावी. समन्स कधी पोचते, कधी पोचल्याची नोंद होते. कुळ हजर राहत नाही आणि एकतर्फी निकाल होतो. न्यायाधीश सज्जन असला तरी त्याच्यापुढे खत असते, नांगर असतो आणि कायद्याचे कलम असते. मुद्दल खरे किती दिले हे विचारण्याचा अधिकार त्याला नव्हता. निकालानंतर गुरे जप्त, भांडी जप्त, जमीन जप्त. वेळ आली तर ऋणको स्वतः दिवाणी तुरुंगात.

विन्गेटच्या हे लक्षात आले होते. ज्याने मालकी हक्क दिला त्यानेच १८५२ साली सरकारला लिहिले की कर्जवसुलीच्या या सोयीमुळे कर्जाचा पसारा घातक रीतीने वाढतो आहे आणि रयत सावकाराच्या मुठीत जाते आहे. कागद फायलीत गेला.

अलीकडे रेचल क्रँटन आणि आनंद स्वामी यांनी दख्खनच्या याच काळाचा अभ्यास करताना एक मार्मिक गोष्ट दाखवली. कोर्टे आली तेव्हा सावकारांची संख्या वाढली आणि त्यांच्यात स्पर्धाही वाढली, कारण आता गावात मूळ नसलेल्या माणसालाही कर्ज देणे परवडू लागले. पुस्तकी हिशेबाने हे कुळाच्या फायद्याचे व्हायला हवे. पण जुना सावकार वाईट वर्षात कुळाला जगवायचा, कारण कुळ जगले तरच पैसे परत यायचे आणि कुळाला दुसरा सावकार नव्हता. नव्या सावकाराला जगवण्याचे कारण उरले नाही. एकाने जगवले तर फायदा दुसऱ्याचा होणार. जुनी व्यवस्था अर्धी मोडली आणि नवी अर्धीच बसवली, म्हणून कोर्ट आले ते चांगल्या वर्षात उपयोगी आणि वाईट वर्षात घातक.

सावकाराबद्दल एक शब्द लिहिला पाहिजे. मारवाडी आणि गुजर ही मंडळी बाहेरून आलेली, बाजरी-ज्वारीच्या कोरड्या मुलखात धंदा करणारी. तीन वर्षांतले एक वर्ष पाऊस पाठ फिरवतो अशा जमिनीवर कर्ज देणे हा जोखमीचा धंदा आहे, व्याज चढे असणारच. सवाईने धान्य घेतले तर सव्वापट परत, दिढीने घेतले तर दीडपट, हे त्यांनी शोधून काढलेले नव्हते. बी-बियाणे, लग्न, सारा या प्रत्येक वेळी गावात दार उघडे असायचे ते त्यांचेच. सरकारी सारा रोकडीत आणि ठरल्या तारखेला हवा, पीक विकायला वेळ लागणार. मधले दिवस कोण निभावून नेणार? सरकारची तिजोरी भरत होती त्यात सावकाराची थैली सामील होती, हे सरकारला चांगले ठाऊक होते.

मग आली कापसाची तेजी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना दक्षिणेतला कापूस मिळेना. तोवर इंग्लंडच्या कच्च्या कापसातला तीन चतुर्थांश अमेरिकेतून येत होता. १८६२ पर्यंत त्यातला बहुतांश हिंदुस्थानातून जाऊ लागला. मुंबईतले व्यापारी गावच्या सावकारांना पैसे देत आणि सावकार ते कुणब्यांना वाटत. कापसाखाली लावलेल्या एका एकराला शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. पुणे-नगरची जमीन खानदेश-वऱ्हाडासारखी कापसाची नव्हे, पण धान्याचे भावही वाढले, आणि रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळत होती. भीमथडीच्या गाडीवानाच्या हातात कधी नव्हे तो पैसा खुळखुळला. जमिनीला किंमत आली. जमिनीला किंमत आली म्हणजे ती गहाण ठेवून घेण्यात सावकाराला गोडी वाटू लागली.

१८६५ साली युद्ध संपले. मुंबईत प्रेमचंद रायचंदासकट शेअर बाजार कोसळला, ते सगळ्यांना माहीत आहे. गावात कोसळले ते हळू आणि आवाज न करता. उचल बंद झाली, जुन्या बाकीचा तगादा सुरू झाला, रेल्वेची मजुरी संपली. आणि नेमक्या त्याच वेळी विन्गेटच्या पहिल्या तीस वर्षांची मुदत भरली. १८६७ पासून, सुरुवात पुन्हा इंदापुरातच, साऱ्याची फेरआकारणी झाली. तेजीतल्या भावांकडे पाहून दर लावले गेले. काही ठिकाणी वाढ पन्नास टक्के, काही ठिकाणी दुप्पट. पुणे सार्वजनिक सभेने गावोगाव चौकशी करून निवेदने धाडली. ऑक्टोबर १८७४ मध्ये सरकारने माघार घेऊन वाढीला मर्यादा घातली: तालुक्यावर तेहतीस टक्के, गावावर सहासष्ट, एका खातेदारावर शंभर. म्हणजे एखाद्याचा सारा दुप्पट होणे ही आता सवलत ठरली! त्यातही एक दिलासा होता की ठरल्या काळापुरता तरी सारा वाढणार नाही. पण वर्ष वाईट असले तरी तो कमीही होणार नाही, ही दुसरी बाजू कोणी बोलून दाखवत नसे.

सावकाराने या वेळी हात आखडला. आता तो साऱ्यासाठीही कर्ज देईना. कुणब्याला सगळ्यात जास्त राग याचा आला, असे कमिशनपुढच्या साक्षी वाचताना जाणवते. जो माणूस पिढ्यान् पिढ्या अडचणीला उभा राहिला, त्याने ऐन वेळी पाठ फिरवावी आणि वर जमिनीची जप्ती आणावी, यात त्यांना धंद्याहून वेगळे काही दिसत होते. अर्जांतून पुन्हा पुन्हा येते ते हेच, की सावकाराने रीत मोडली.

१२ मे १८७५, बुधवार, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याचा बाजाराचा दिवस. भोवतालच्या गावांतले लोक जमले आणि गुजर सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. एका सावकाराचे घर जाळले गेले, डझनभर घरेदुकाने फोडून लुटली. वह्या, खते, धान्य, कापड बाहेर काढून रस्त्यावर त्याची राख केली. पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्याने पोचल्यावर कळवले की पन्नास जणांना पकडले आहे, दोन हजारांचा चोरीचा माल परत मिळाला आहे, नुकसान पंचवीस हजारांच्या वर आहे. सावकार मात्र लाखाच्या वर सांगत आहेत.

तिथून वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पसरला. शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत. लोकांत अशी वदंता होती की कोणा मारवाड्याने एका इंग्रज साहेबाची मालमत्ता विकायला काढली, साहेबाने विलायतेला अर्ज केला, आणि राणीने हुकूम धाडला की सावकारांनी खते परत द्यावीत. या वदंतेत काय मौज आहे पाहा. कुणब्याला सरकार उलथायचे नव्हते. सरकारनेच सांगितले आहे असे मानून तो निघाला होता. त्याच्या मते मधला कारकून तेवढा बदमाश. पुढे कमिशनने नोंदवले की दंगेखोरांचा रोख खते आणि हुकूमनामे यांवर होता. ती मुकाट्याने हवाली केली तर बहुधा पुढे काही होत नसे. माणसांना मारहाण क्वचित झाली. काही ठिकाणी ब्राह्मण सावकारही होते, तिथे बहुतेक करून बाहेरून आलेल्या मारवाडी-गुजरांनाच झळ बसली. हा डाग त्या उठावावर आहे, तो पुसून सांगता येणार नाही. पण व्यवस्था कुठे बसली आहे हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते. ती खतात होती, वहीत होती, मुद्रांकाच्या कागदावर होती.

नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ साली लिहिले की या दंग्यांचे भलतेच स्तोम माजवले गेले. गावे थोडी, नुकसान थोडे, आणि सावकारी त्यानंतरही तशीच चालू राहिली. हे पटण्यासारखे आहे. पण दंगा लहान आणि त्याची धास्ती मोठी असे होऊ शकते. १८५७ ला अठराच वर्षे झाली होती. मुंबई सरकारला आधी चौकशी नको होती. कलकत्त्याहून दबाव आला तेव्हा कमिशन नेमले. त्याचा अहवाल १८७८ साली पार्लमेंटपुढे गेला. कमिशनने नगर जिल्ह्यातल्या बारा गावांची पाहणी केली, तीत जवळजवळ एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आढळले. त्यांचे सरासरी कर्ज वार्षिक साऱ्याच्या अठरापट होते, आणि त्यातले दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर. दोष मात्र कमिशनने मुख्यतः सावकार आणि दिवाणी कायदा यांना दिला. साऱ्याला बऱ्याच अंशी मोकळे सोडले. वायव्य प्रांतातून आलेले सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी तेवढे साऱ्यावर बोट ठेवले. आपल्याच महसुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे कमिशन तसे कुठल्याच देशात सहज सापडायचे नाही.

अहवाल छापला जाईपर्यंत १८७६-७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला, आणि १८७९ च्या आरंभी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. त्या वर्षाअखेर पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता दख्खन शेतकी साहाय्य कायदा आला. इंग्रजी राज्याने स्वतःच्याच तत्त्वाला मुरड घातली ती या कायद्यात. न्यायाधीशाने खताच्या मागे जायचे, अगदी पहिल्या व्यवहारापासून हिशेब उकलायचा आणि खरे देणे किती ते ठरवायचे. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंग नाही. जमीन स्पष्टपणे गहाण नसेल तर कर्जापायी तिची जप्ती नाही. दाव्याआधी गावच्या मध्यस्थापुढे तडजोडीचा प्रयत्न. खत गावच्या रजिस्ट्रारासमोर, वाचून दाखवून. पावती देणे सावकारावर बंधनकारक. मुदतही वाढवली, म्हणजे तीन वर्षांनी खत उलटण्याची गरज राहिली नाही.

या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या खास न्यायाधीशाचा साहाय्यक म्हणून १८८१ साली महादेव गोविंद रानडे नेमले गेले, आणि पुढे ते स्वतःच खास न्यायाधीश झाले. तालुक्यांतून हिंडून दप्तरे तपासणे हे त्यांचे काम. कायद्यांचे आणि अर्थशास्त्राचे एवढे वाचन असलेला माणूस इतकी वर्षे गावच्या कर्जखतांत बुडालेला असणे, हा महाराष्ट्राचा भाग्ययोग म्हणायचा. रानड्यांनी १८८३ च्या सुमारास प्रशियातल्या जमीनसुधारणांवर लिहिले आणि १८९१ साली ग्रामीण पतपुरवठ्याच्या फेररचनेवर. युरोपातले देश शेतकऱ्याला भांडवल कसे पुरवतात हे त्यांनी पानेच्या पाने मांडले. त्यांचा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो: कोर्टाने सावकाराचा हात धरला ते ठीक, पण त्याच्या जागी कर्ज देणार कोण? नुसते संरक्षण दिले तर शेतकऱ्याची पतच आटते. त्याच सुमारास, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यांची नजर दुसरीकडे होती. खत लिहिणारा, दप्तर राखणारा, कचेरीत बसणारा हात कोणाचा, आणि कुणब्याच्या हाती लेखणी का नाही, हे ते विचारत होते. दोघे आपापल्या जागी बरोबर होते, आणि सरकारने दोघांचेही पुरते ऐकले नाही.

विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. थोड्या व्याजाने कर्ज द्यायचे, जुनी कर्जे निकालात काढायची, वसुलीला महसूल खात्याची मदत घ्यायची. पुण्याचे सावकारही भांडवल घालायला तयार होते. व्हाइसरॉय रिपनच्या सरकारने तिला मान्यता दिली. लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली.

सावकार तेवढ्यात नवी वाट काढून बसले. कायदा गहाणखताच्या मागे पाहतो ना, मग गहाणखत कशाला? जमिनीचे सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि पैसे फेडलेस तर परत देईन असे तोंडी सांगायचे. कागदावर विक्री, व्यवहारात गहाण. कुळाला गरज असल्याने ते नांगर काढून मोकळे. ही पळवाट इतकी रुळली की १९०७ साली कायद्यात नवे कलम घालून न्यायाधीशाला खरेदीखताच्याही मागे पाहण्याची मुभा द्यावी लागली.

भांडवलाच्या प्रश्नाचे उत्तर अखेर ऱ्हाइनच्या काठावरून आले, तेही मद्रासमार्गे. फ्रीडरिश राइफआयझेन नावाच्या एका जर्मन गावकारभाऱ्याने १८६० च्या दशकात, म्हणजे भीमथडीत कापसाचे पैसे खुळखुळत होते तेव्हा, शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या होत्या. तिथेही गुरांचे आणि धान्याचे सावकार होते, तिथेही दुष्काळ होता. फरक असा की कर्ज देणारेच शेजारी, एकमेकांना जामीन, आणि कोणाची ऐपत किती हे चावडीवर बसून ठाऊक असलेले. फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९० च्या दशकात मद्रास सरकारला जो अहवाल दिला, त्याचा सारा जोर राइफआयझेनवर होता. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. गावाला दूर सारून उभी केलेली वसुली दंग्यानंतर तीसेक वर्षांनी पुन्हा गावाच्या जामिनावर आली.

या कायद्याच्या पोटातून पुढे काय निघाले ते महाराष्ट्राला सांगायला नको. नगर जिल्ह्यातच, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. ज्या जिल्ह्यात शेतकरी सावकाराच्या वह्या जाळत होते, तिथले शेतकरी पाऊणशे वर्षांनी कारखान्याचे भागधारक झाले. ते भंडारदऱ्याच्या पाण्यावर, हे मात्र विसरायचे नाही. नीरा डावा कालवा बारामतीच्या ज्या भागातून गेला तिथे ऊस आला, सोसायट्या आल्या, बँका आल्या. सुप्याचा पट्टा जिरायतीच राहिला. सोसायटीचे कर्ज एकरी पिकाच्या दराने ठरते, उसाला जास्त आणि बाजरीला थोडे. जिथे पाणी नाही तिथे सहकाराची मर्यादा लवकर संपते आणि माणूस पुन्हा खासगी दाराशी जातो. महाराष्ट्र सरकारने २०१४ साली सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा केला. त्यात एक कलम आहे: सावकारीच्या व्यवहारात शेतकऱ्याची जमीन गेली असेल, तर जिल्हा निबंधकाने खरेदीखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा आणि तो कर्जाचाच निघाला तर जमीन परत द्यावी.